परीक्षानळीतले तारुण्य विकणे बंद करा!

रत्नागिरीच्या सुरिमी कारखान्यात राणी मासा साफ झाला की मांस पुढे जाते. डोकी, कातडी, काटे, आतडी मागे उरतात. या उरल्यासुरल्यातली प्रथिने विकरांनी तोडली की 2 ते 20 अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या मिळतात, तेच पेप्टाइड. विद्या उत्तम आहे. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेत या टाकाऊ मालावर वर्षानुवर्षे काम चालले आहे. त्या संशोधकांशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे त्यांच्या विद्येवर दुकान थाटणाऱ्या लबाडांशी!

हे लबाड पेप्टाइडच्या डब्यावर ठळक अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट' छापतात, त्यामागे बहुधा पुरावा कसला असतो? डीपीपीएच नावाचा रंग मिथेनॉलमध्ये विरघळवायचा, त्या गडद जांभळ्या द्रावात पेप्टाइड टाकायचे, अर्धा तास अंधारात ठेवायचे. जांभळा उतरून पिवळा पडू लागला की 517 नॅनोमीटरवर आकडा टिपायचा. झाली सिद्धी! अहो, हा रंग चहाचे पाणीही उतरवते, आवळ्याचा रसही उतरवतो. आणि मिथेनॉल कोणाच्या धमन्यांतून वाहते? पोटात जठराम्ल आहे, पेप्सिन आहे, पुढे आतड्यांतली विकरे टपून बसली आहेत. दोन-तीन दुव्यांच्या काही साखळ्या त्यांतून निसटून रक्तात पोचतात, हे आम्ही नाकारत नाही. पण पोचल्या म्हणजे सुरकुत्या गेल्या, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? आमच्या कोकणात माशाच्या डोक्याचे कालवण पिढ्यान्पिढ्या ओरपले जाते. त्यातून चिरतारुण्य लाभल्याचे अद्याप कोणाच्या कानावर आलेले नाही.

कोलॅजन हायड्रोलायझेटने, म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या अशाच तोडलेल्या साखळ्यांनी, सांधे सुदृढ राहतात, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणापुढे गेला, तेव्हा 2011 साली त्याने कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असे स्वच्छ सांगितले. आपल्याकडेही 2018 चे जाहिरात व दावे नियम आहेत. दावा खरा हवा, शास्त्रीय पुराव्याचा हवा, असे तेही सांगतात. मग नियम दप्तरात आणि डबे दुकानाच्या फळीवर, हा कारभार कोणाच्या आशीर्वादाने चालतो? गुडघे धरून उठणाऱ्या म्हातारीच्या पेन्शनवर हा दरोडा पडतो आहे, आणि पहारेकरी घोरतो आहे!

आमची मागणी सरळ आहे. अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी दुकानांतून डबे उचलावेत आणि प्रत्येक उत्पादकाकडे माणसांवर केलेल्या चाचण्यांची कागदपत्रे मागावीत. रंग उतरल्याचे आलेख पुढे करील त्याचा माल जप्त करा, परवाना रद्द करा, आणि त्याचे नाव वर्तमानपत्रांत छापा. आम्ही ते पहिल्या पानावर छापू.