दंड आणि भुर्दंड

‘दिवसाचे तास सगळ्यांना चोवीसच मिळतात’ हे वाक्य ज्या गृहस्थाने पहिल्यांदा उच्चारलं, त्याच्या घरी स्वयंपाकी असणार आणि तो विरार लोकलने कामाला जात नसणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आमच्या नया नगरातल्या जिममध्ये हे वाक्य भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं आहे. शेजारी एका पिळदार माणसाचं चित्र. त्याचे दंड माझ्या मांड्यांएवढे आणि मांड्या आमच्या शाखेतल्या तिजोरीएवढ्या. चेहरा मात्र कमालीचा निवांत. ज्याला घरी जाताना कोथिंबीर न्यायची नसते, त्याचाच चेहरा इतका निवांत राहू शकतो.

मी स्वतः आठवड्यातून तीन दिवस या जिममध्ये जातो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचकांना वाटायचं की कुणी ढेरपोट्या कारकून आपल्याला झेपत नाही म्हणून द्राक्षं आंबट ठरवतोय. ढेरी आहे, नाही असं नाही; पण ती उतरणीला लागलेली ढेरी आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने वजनं उचललीच पाहिजेत, या मताचा मी कट्टर पुरस्कर्ता आहे. बँकेत बसून बसून माणसाचं जे जे वाढतं, त्यात पगाराचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली सांगून ठेवलंय की, प्रौढांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं बेताचा व्यायाम करावा, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा करावा. तेव्हा माझं भांडण डंबेलशी नाही. माझं भांडण ‘बॅलन्स’ या शब्दाशी आहे.

हा शब्द आमचे ट्रेनर दिवसातून चाळीस वेळा वापरतात. “भाय, जॉब, फॅमिली और बॉडी, तीनों का बॅलन्स बनाने का!” ट्रेनर पंचवीस वर्षांचा, सोन्यासारखा पोरगा. आईच्या हातचं जेवतो, आईने धुतलेला सँडो बनियन घालतो आणि जिमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. (सँडो हे कापडाचं नाव नव्हे, माणसाचं. युजेन सँडो हा पहिलवान १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात आपली शरीरयष्टी दाखवून गेला. त्याचे स्नायू गेले, बनियन राहिला.) तर कामावर पोचायला ज्याला अठरा पायऱ्या उतराव्या लागतात, त्याने मला बॅलन्स शिकवायचा! मी बी.कॉम. आहे. बावीस वर्षं बँकेत बॅलन्स जुळवण्याशिवाय मी दुसरं काही केलेलं नाही. २०२४ च्या करारानंतर आम्हा कारकुनांना ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. नाव लांबलं, काउंटरवरची रांग होती तेवढीच आहे.

आता बॅलन्स म्हणजे काय, ते ऐका. लुका पाचोली नावाच्या एका इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये गणिताचा एक जाडजूड ग्रंथ छापला आणि त्यात व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत लिहून ठेवली. नियम साधा आहे. एका बाजूला जमा दिसली की दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी नावे पडलेली असलीच पाहिजे. रक्कम आभाळातून येत नाही. रात्री आठ ते नऊ माझ्या खात्यात एक तास जमा होतो, तेव्हा नया नगरातच कुणाच्या तरी खात्यात तो तास नावे पडलेला असतो. कुणाच्या, एवढाच प्रश्न आहे. आणि भिंतीवरचं ते लाल वाक्य नेमका हाच प्रश्न दाबून टाकतं.

माझे चोवीस तास घ्या. मीरा रोड ते चर्चगेट चाळीसेक किलोमीटर. सकाळी विरारहून भरून आलेल्या गाडीत मीरा रोडला शिरणं हाच एक शक्तिप्रयोग आहे, म्हणून शहाणी माणसं आधी उलटी भाईंदरला जातात आणि तिथून सुटणारी गाडी पकडून बसून येतात. मीही जातो. जाण्यायेण्यात तीन तास गेले. बँकेत नऊ. झोप सात धरा. वर्तमानपत्र, आंघोळ आणि सोसायटीच्या पाण्याची चौकशी यांत दीड. उरले साडेतीन. त्यांतला एक डंबेलला दिला, तर घरी उरले अडीच. यात बायको, मुलगी, आई, नातेवाइकांची लग्नं आणि गॅसचा पाइप बदलणं आलं. “टाइम निकालना पड़ता है,” असं ट्रेनर म्हणतात. मराठीतही आपण वेळ ‘काढतो’. पण काढतो कुठून? आपल्या खिशातून काढला तर ठीक. दुसऱ्याच्या खिशातून काढला तर त्या क्रियेला मराठीत वेगळं नाव आहे आणि पोलिसात वेगळं कलम आहे.

रात्री आठ ते नऊ या तासात आमच्या घरी काय चालतं, हे मी जिम नसलेल्या दिवशी घड्याळ समोर ठेवून पाहिलेलं आहे. चपात्या. आईची जेवणाआधीची गोळी. मुलीचं बीजगणित. सोसायटीचा माणूस मेंटेनन्ससाठी येतो तो नेमका तेव्हाच. पाणी आलं तर पिंप, नाही आलं तर टँकरवाल्याला फोन. यातलं एकही काम मी जिममध्ये गेलो म्हणून थांबत नाही, ही कौतुकाची गोष्ट म्हणून जिममधली मंडळी एकमेकांना सांगतात. “अपुन का घर सेट है!” बँकेत एखादी रक्कम कुठे टाकावी हे कळलं नाही की आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो. घरातलं सस्पेन्स खातं म्हणजे बायको.

कुणाला वाटेल, हा फक्त आमच्या घरचा हिशेब. तर सरकारनेही तो केलेला आहे. माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची केंद्राने २०१९ साली देशभर पाहणी केली. घरकामात भाग घेणाऱ्या बायकांची रोजची २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली. बायका २८९, पुरुष ८८. पाच वर्षांत पुरुषांनी रोजची नऊ मिनिटं वाचवली. चेस्ट डेला गेली असावीत. बायकांचीही दहा कमी झाली हे खरं, पण अजून फरक रोजचा २०१ मिनिटांचा आहे. आठवड्याचा १४०७. जागतिक आरोग्य संघटनेच्या दीडशेने भागा. तेवढ्या वेळात नऊ बायकांचा आठवड्याचा व्यायाम होऊन वर चहा होतो.

खाण्याचा हिशेब तर विचारूच नका. ट्रेनर म्हणतात, शरीराच्या दर किलोला दोन ग्रॅम प्रथिनं पाहिजेत. माझं वजन बहात्तर, म्हणजे रोज १४४ ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. म्हणजे चोवीस अंडी! दिवसाला चोवीस तास आणि चोवीस अंडी, दर तासाच्या ठोक्याला एक. सर्वसाधारण माणसाला किलोमागे एक ग्रॅमही पुरतो. आमच्या घरात तेवढं डाळ, दही आणि बाजारातले बांगडे मिळून भागतं. आणि ही अंडी खाणारा कितीही मोठा बॉडीबिल्डर असो, ती उकडून सोलणारं माणूस वेगळंच असतं. त्याचे फोटो भिंतीवर नसतात.

नोकरीवाल्यांनी शरीर कमावल्याची उदाहरणं ट्रेनरकडे पुष्कळ आहेत. त्यांचं लाडकं उदाहरण मनोहर ऐच यांचं. मलाही हा माणूस फार आवडतो. उंची पाच फुटांच्या आत, म्हणून ‘पॉकेट हर्क्युलिस’. लंडनला १९५१ साली मिस्टर युनिव्हर्समध्ये दुसरे आले, मग तिकडेच ब्रिटिश रेल्वेत नोकरी धरली आणि १९५२ साली आपल्या गटात पहिले आले. पुढे १०४ वर्षं जगले. “देखो, रेल्वे में नौकरी करके मिस्टर युनिव्हर्स!” हे ट्रेनर सांगतात. जे सांगत नाहीत ते असं की, त्यांच्या कसरतीला खरी धार चढली ती तुरुंगात. हवाई दलात असताना गोऱ्या अधिकाऱ्याच्या श्रीमुखात ठेवून दिली म्हणून आत गेले आणि तिथे तासन्‌तास व्यायाम केला. पटण्यासारखं आहे. शरीर कमावायला तुरुंगाइतकी सोयीची जागा नाही. मस्टर नाही, लोकल नाही, साडूच्या घराची वास्तुशांत नाही. आणि लंडनच्या त्या दिवसांत हिंदुस्थानात घरी बायको आणि चार मुलं होती. चषकावर नाव एकाचंच कोरतात, ते ठीक आहे, चषकाला जागा कमी असते. पण बँकेच्या भाषेत ते जॉइंट खातं होतं.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचं उदाहरण मला जास्त पटतं. स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतून त्यांनी ते सक्तीचे केले. सतरंजीएवढी जागा लागते, यंत्र लागत नाही, अंडी लागत नाहीत. अर्थात राजेसाहेबांना सकाळी आठ-बाराची गाडी नव्हती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी आमच्या कुटुंबाच्या हाडांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं विरळ व्हायला लागली आहेत, नुसतं चालून भागणार नाही, वजनं उचला. कुटुंब म्हणालं, “मग रोज उचलते ते काय फुगे आहेत?” भरलेलं सिलिंडर तीसेक किलोचं, पाण्याची बादली पंधराची. पण डॉक्टरीणबाईंचं म्हणणं बरोबर होतं. वजन मोजून वाढवायचं असतं, कंबर सांभाळून उचलायचं असतं आणि मध्ये विश्रांती घ्यायची असते. बादलीला यातलं काही ठाऊक नसतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे वाटणी झाली. सोम-बुध-शुक्र आठ ते नऊ माझे, मंगळ-गुरु-शनि तिचे. तिच्या दिवशी मी घरी. बीजगणित मी घेतो. गोळी मी देतो. चपात्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून विकत येतात. मी तो खर्च उघड दाखवतो, लपवत नाही. म्हणजे आमच्या घरचा ताळेबंद जुळला. आणि जुळल्यावर कळलं की तिच्या खात्यात जमा झालेला तास तिला वटवताच येत नाही. कारण जिमच्या दारावर लिहिलेलं आहे: ‘लेडीज टायमिंग दुपारी १२ ते ४’.

वाचकहो, बारा ते चार! कुटुंब शाळेत शिकवतं, ते दीडला घरी येतं. मग आईचं जेवण, दोनला मुलगी, मग तीनला शिकवणीची पोरं. जी नोकरीला मुंबईत जाते तिचा तर प्रश्नच नाही. बायका दुपारी मोकळ्या असतात, हा शोध ज्याने लावला त्याने आयुष्यात एकदाही मोकळी बाई पाहिलेली नसावी. त्या वेळी जिममध्ये काय असतं म्हणाल, तर ट्रेनर झोपलेला असतो. मग मंगळ-गुरु-शनि आमचं कुटुंब गच्चीवर फेऱ्या मारतं, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन.

मी मालकांकडे गेलो. संध्याकाळी आठ ते नऊ, एक दिवसाआड, फक्त बायकांसाठी ठेवा म्हटलं. मालक सज्जन माणूस. म्हणाले, टायमिंग बदलणं शक्य नाही, मेंबर गोंधळतात, पंधरा वर्षांची पद्धत आहे.

इथे मला राहवलं नाही. कारण रमझान येऊन गेल्याला दोन महिनेही झाले नव्हते. रमझानमध्ये आमची हीच जिम दिवसभर बंद आणि तरावीहनंतर, रात्री दहा ते दोन चालू असते. हे फर्मान कसं निघतं? दाराला एक कागद चिकटवून. वहीतलं फाडलेलं पान, बॉलपेनने लिहिलेलं. बास. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या नया नगराचं घड्याळ उलटं फिरतं, हैदरी चौकात मध्यरात्री दुपारसारखी वर्दळ असते, शांती नगरातले आमचे बिगर-रोजेदार मेंबरही निमूटपणे रात्री येतात, आणि कुणीही गोंधळून डंबेल पायावर पाडून घेत नाही. रोजेदार पुरुषांच्या पोटाची सोय बघून तीस दिवसांचं वेळापत्रक एका कागदावर बदलतं. (त्या तीस दिवसांत सेहरीसाठी आधी कोण उठतं, हे वेगळं सांगत नाही. आमच्या घरीही तेच.) मग हाडांसाठी तीन तास बदलायला कुठली घटनादुरुस्ती लागते?

मालकांनी पंखा एक नंबरने वाढवला. म्हणाले, “लेडीज लोग रात को आठ बजे यहाँ आएँगी, तो घर में खाना कौन देखेगा?”

मी म्हटलं, “आठच्या बॅचचे पुरुष.”

मालक बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “लिख के दो.”

लिहून देणं हा तर माझा धंदाच आहे. अर्ज तयार केला, विषय, संदर्भ, आपला विश्वासू, सगळं रीतसर. सोबत रमझानचा तो कागद पुरावा म्हणून जोडलाय. दारावरून मी तेव्हाच काढून ठेवला होता. बॅचच्या पुरुषांकडे सहीसाठी गेलो की त्यांचा अचानक लेग डे निघतो. आतापर्यंत सतरा सह्या झाल्यात. पंधरा बायकांच्या, एक माझी आणि एक ट्रेनरची. त्याच्याकडे मी सही मागायला गेलो नव्हतो. त्याच्या आईने अर्ज वर नेला आणि सही करवून खाली पाठवला. पंधरांतली पहिली सही तिची आहे.