गॅलरीतली मिरची आणि मे महिन्याचं ऊन

मे महिन्यात अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, चिपळूणला गेल्या तेव्हा मिरचीची तीन रोपं माझ्या स्वाधीन करून गेल्या. बी त्यांच्या माहेरचं. त्या परतेपर्यंत एकच उरलं. कसं ते सांगते, तुमची तरी वाचतील.

परळच्या आमच्या चाळीत गॅलरी पश्चिमेला. दुपारी दोननंतर ऊन थेट कुंड्यांवर येतं. पानं माना टाकायची आणि माझा जीव तुटायचा. तांब्याभर पाणी घालायचे. संध्याकाळी रोप टवटवीत दिसलं, की वाटायचं, माझ्याच पाण्याने सावरलं! म्हणून रात्री आणखी एक तांब्या. आठवड्याने पानं पिवळी पडून गळू लागली, तर मी पाणी वाढवलं. शेवटी रोप उपटून पाहिलं. मुळं काळी, मऊ, कुबट वासाची.

फोनवर अम्मी एवढंच म्हणाल्या, "अगं, मातीत बोट घालून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. कडक उन्हात पानांतून पाणी जितकं उडतं, तितक्या वेगाने मुळं ते ओढू शकत नाहीत. म्हणून ओल्या मातीतही रोप दुपारी मलूल होतं आणि ऊन उतरलं की आपलं आपण सावरतं. सतत चिंब मातीत मात्र मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. बोटाची दोन पेरं माती कोरडी लागली तरच पाणी, तेही सकाळी. तांदूळ-डाळ धुतलेलं चालतं.

तिसरं रोप भिंतीच्या सावलीत सरकवलं. काळ्या प्लॅस्टिकचा डबा फार तापतो, त्याला गोणपाट गुंडाळलं. मातीवर रसवंतीतून आणलेली उसाची चिपाडं पसरली. वाळवूनच, नाहीतर मुंग्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली बाग सुरू केली, तीही स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा यांच्याच जोरावर. आपल्याला तर एक डबाच सांभाळायचा आहे.

या दिवसांत फुलं गळाली तर खत ओतू नका. रात्रीही गारवा नसला की मिरची-टोमॅटोची फुलं टिकत नाहीत. भेंडी आणि लाल माठ हे ऊन सोसतात.

मृगाच्या आधी अम्मी आल्या. उरलेलं रोप पाहिलं, मातीत बोट घातलं, काही बोलल्या नाहीत. मग पिशवीतून बियांची पुडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पागोळ्यांखाली ठेवू नकोस."