पुराचा भार कोणाच्या माथी?

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या खोऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन वर्षी महापूर पाहिला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट. तेथे ते ५५ फुटांच्या वर होते. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली, पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. यातूनच जागतिक बँकेच्या साहाय्याने पूरनियंत्रणाचा मोठा प्रकल्प पुढे आला. त्यावर किती कोटी खर्च होणार याची चर्चा भरपूर होते. तथापि, तिजोरीतून जाणारा पैसा हा खर्चाचा एक भाग झाला. उरलेला भाग कोण सोसणार, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवावे, ही कल्पना कोणालाही पटण्यासारखी आहे. शिरोळ बुडत असताना दूर कोठे टँकरची वाट पाहिली जावी, यासारखी विसंगती नाही. परंतु हिशेब वेगळे सांगतो. एक लाख क्युसेकचा प्रवाह दिवसभर वाहिला तर ८.६४ टीएमसी पाणी होते, आणि महापुरात कृष्णेचा प्रवाह याहूनही मोठा असतो. दहा हजार क्युसेक वाहून नेणारा बोगदा खोदला, तरी तो दिवसाला एक टीएमसीदेखील उचलणार नाही. शिवाय पुराचे दिवस वर्षातून मोजकेच. तेव्हा ही योजना दुष्काळनिवारणासाठी कदाचित समर्थनीय ठरेल. पण मग तिचे मूल्यमापन त्याच कसोटीवर झाले पाहिजे. सांगली-कोल्हापूरच्या पूरमुक्तीच्या नावाखाली ती पुढे रेटणे योग्य नव्हे.

संरक्षक भिंतींचेही तसेच. भिंतीमुळे शहराचा एक काठ वाचेल, परंतु पाणी नाहीसे होत नाही. ते समोरच्या काठावर पसरते किंवा खालच्या गावांत चढते. महामार्गाच्या भरावाने हेच घडते. वाहतूक सुकर व्हावी म्हणून रस्ता उंच केला जातो आणि त्यामागे अडलेले पाणी शेतकऱ्याच्या उसात साचून राहते. भरावाऐवजी खांबांवरचा पूल महाग पडतो हे खरे. परंतु भराव स्वस्त पडला तो उरलेली किंमत शेतकऱ्याने भरल्यामुळे.

धरणांत पावसाळ्यात मोकळी जागा राखणे हा उपाय कमी खर्चाचा आहे. राधानगरीची क्षमता ८.३६ टीएमसी, म्हणजे एक लाख क्युसेकच्या एका दिवसाच्या प्रवाहाहूनही कमी. तेव्हा मुख्य भिस्त १०५.२५ टीएमसीच्या कोयनेवर आणि ३४.४० टीएमसीच्या वारणेवर. धरणांच्या खाली पडणारा पाऊस त्यांना अडविता येत नाही, ही मर्यादा आहेच. त्यातच ऑगस्टनंतर पावसाने दगा दिला तर कोयनेची वीज आणि टेंभू, ताकारी योजनांचे पाणी दोन्ही घटणार. सांगलीच्या सुरक्षिततेसाठी आटपाडीच्या शेतकऱ्याने जोखीम घ्यावी असे म्हणायचे असेल, तर ती उघडपणे मान्य करून त्याच्या नुकसानभरपाईची तरतूद आधीच केली पाहिजे.

अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्यास महाराष्ट्राने विरोध केला आहे आणि त्या विरोधात वावगे काही नाही. मात्र २०१९ च्या पुराची चौकशी करणाऱ्या वडनेरे समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नव्हता, याचेही विस्मरण होऊ नये. शेजारच्या राज्याकडे बोट दाखविणे सोपे असते; आपल्याच नगरपालिकेच्या हद्दीतील बांधकाम थांबविणे कठीण. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखली जाते, पण जमिनीवर ती पाळली जात नाही. तिजोरीला सर्वांत स्वस्त असलेला हा उपाय राजकीयदृष्ट्या सर्वांत महाग आहे. यातही न्यायाचा विचार हवाच. नदीकाठच्या वस्तीत नाइलाजाने राहणारा मजूर आणि भराव टाकून भूखंड विकणारा व्यावसायिक यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पहिल्याला पर्यायी घर हवे, दुसऱ्याला प्रतिबंध.

पूर संपूर्णपणे टाळता येईल असे आश्वासन कोणताही प्रामाणिक अभियंता देणार नाही. मात्र प्रत्येक कामाने कोणत्या गावातील पाणी किती फुटांनी उतरेल आणि कोणत्या गावात ते चढेल, हे काम सुरू होण्यापूर्वी सांगता येण्यासारखे आहे. तो तक्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. ज्या गावात पाणी चढणार आहे, त्या गावाची संमती आणि भरपाई यांवाचून निविदा काढणे म्हणजे एका गावाचा पूर दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे होय.