आडनाव एक, वंश अनेक : ‘लानॉय’ या नावाचा धडा

१/ आजचा धागा तीन माणसांविषयी. पहिला, १५२५ साली फ्रान्सच्या राजाने ज्याच्या हाती आपली तलवार दिली तो नेपल्सचा व्हाइसरॉय. दुसरा, १६२१ साली अमेरिकेतील प्लिमथ वसाहतीत उतरलेला एक तरुण. तिसरा, १७४१ च्या कुळच्चलच्या लढाईत त्रावणकोरच्या हाती लागलेला डच कंपनीचा माणूस. तिघांचे आडनाव एकच : द लानॉय. या तिघांना एकाच वंशवृक्षावर टांगण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाने आवरला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

२/ प्रथम गाव. लानॉय (फ्रेंच उच्चार ‘लान्वा’) हे लील शहराजवळचे छोटे गाव. आज ते फ्रान्समध्ये आहे. पण १६६७-६८ मध्ये चौदाव्या लुईने तो मुलूख घेईपर्यंत ते स्पॅनिश नेदरलँड्समध्ये, फ्लांडर्सच्या जुन्या काउंटीत मोडत असे. सीमा माणसांच्या डोक्यावरून सरकली. म्हणूनच हे आडनाव फ्रेंचही ठरते आणि फ्लेमिशही.

३/ आता अर्थ. आल्डर नावाचे, भूर्जाच्या कुळातील एक झाड पाणथळ जागी वाढते. त्याच्या राईला जुन्या फ्रेंचमध्ये जो शब्द होता, त्याला उपपद चिकटून ‘लानॉय’ झाले. असे ओलसर भूभाग उत्तर फ्रान्स व फ्लांडर्समध्ये ठिकठिकाणी होते, आणि त्यावरून पडलेली गावांची नावेही. आपल्याकडे वडगावे किती आहेत ते आठवा. प्रत्येक वडगावकर दुसऱ्याचा भाऊबंद असतो काय?

४/ या नावाचे एक बलाढ्य सरदार घराणे होते, हे मात्र निर्विवाद. बर्गंडीच्या फिलिप द गुड याने १४३० मध्ये ‘गोल्डन फ्लीस’ हा सरदारांचा संघ स्थापला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत यूग, गिल्बेर आणि बोदुआँ हे तिघे लानॉय बंधू होते. गिल्बेरने नोव्हगोरोदपासून इजिप्तपर्यंत प्रवास करून वृत्तांत लिहिला. बोदुआँचे यान फान आयकने रंगवलेले व्यक्तिचित्र आज बर्लिनमध्ये आहे.

५/ याच घराण्यातला शार्ल द लानॉय हा सम्राट पाचव्या चार्ल्सचा विश्वासू. २४ फेब्रुवारी १५२५ रोजी पाव्हियाच्या रणांगणावर पहिला फ्रान्सिस त्याला शरण गेला. फ्रेंच बोलणाऱ्या सरदाराने फ्रेंच राजालाच कैद करावे, यात तेव्हा कुणाला विसंगती वाटली नाही. निष्ठा भाषेशी नव्हे, धन्याशी होती.

६/ आता फिलिप. बाप्तिस्मा १६०३, लायडन. आईवडील वॅलून, म्हणजे दक्षिण नेदरलँड्समधून आलेले फ्रेंचभाषक प्रोटेस्टंट निर्वासित. १६२१ मध्ये ‘फॉर्च्यून’ जहाजाने तो प्लिमथला पोहोचला. तेथे ‘द लानॉय’चे ‘डेलानो’ झाले. फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांच्या नावातले मधले नाव ते हेच. त्यांच्या आईचे माहेर.

७/ पुढे डेलानो कुटुंबाच्या छापील वंशावळीने फिलिपला त्या सरदार घराण्याशी जोडले. हा जोड सिद्ध झालेला नाही. पण घटकाभर तो खरा धरला, तरी काय हाती लागते? सात पिढ्या मागे गेल्यास कोणाही माणसाच्या वंशवृक्षात १२८ पूर्वजांच्या जागा असतात. आडनाव त्यांतल्या एकीकडे बोट दाखवते. उरलेल्या १२७ जागांवरची माणसे अंधारात राहतात.

८/ तिसरा युस्टाशियस द लानॉय. तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, आणि ही कंपनी जर्मन, फ्लेमिश, फ्रेंच अशी नानादेशीची माणसे पदरी ठेवत असे. कुळच्चलनंतर मार्तंड वर्म्याने त्याला ठार न करता कवायती फौज घडवण्याच्या कामी लावले. ‘वलिया कप्पित्तान’, म्हणजे थोरला कप्तान, अशी त्याची ख्याती झाली. १७७७ मध्ये तो वारला. उदयगिरी किल्ल्यातील त्याच्या थडग्यावर लॅटिन आणि तमिळ लेख आहेत.

९/ या आयुष्याचे स्पष्टीकरण पाव्हियाच्या सरदारात शोधणे म्हणजे मार्तंड वर्म्याची दूरदृष्टी, कंपनीची भरतीपद्धती आणि मिरीच्या व्यापाराचे राजकारण या तिन्ही गोष्टी झाकून ठेवणे होय. ‘रक्तातच शौर्य होते’ असे म्हटले, की पुढे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

१०/ मग आडनावाचा उपयोगच नाही काय? आहे. ते मूळ मुलूख सुचवते, भाषा सुचवते, स्थलांतराची वाट सुचवते. वॅलून निर्वासित लायडनला का गेले, तिथून अमेरिकेला का निघाले, हे प्रश्न आडनावामुळेच सुचतात. पण सुचवणे आणि सिद्ध करणे यांत बाप्तिस्म्याच्या नोंदी, मृत्युपत्रे आणि जमिनीची कागदपत्रे उभी असतात.

११/ हा धडा केवळ युरोपचा नाही. आडनावावरून पराक्रम, आणि पराक्रमावरून योग्यता ठरवण्याची सवय आपल्यालाही जडलेली आहे. तिचा भार ज्यांच्या आडनावामागे कोणतीही बखर नाही, त्यांना सोसावा लागतो.

१२/ घरी वंशावळ असेल तर ती उघडा. प्रत्येक दुव्यापुढे पुरावा लिहा आणि जिथे तो नाही तिथे कोरी जागा सोडा. कोरी जागा ही घराण्याची नामुष्की नव्हे. आपले संशोधन तिथूनच सुरू होते.