एच-१बीचे नूतनीकरण टपालाने होऊ द्या

माननीय मार्को रुबिओ,
परराष्ट्रमंत्री, अमेरिका



आपल्या खात्याने २९ जानेवारी २०२४ रोजी एक प्रयोग सुरू केला होता. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या एच-१बी व्हिसाधारकाने ऑनलाइन अर्ज करायचा, २०५ डॉलर शुल्क भरायचे आणि पासपोर्ट टपालाने किंवा कुरिअरने खात्याकडे पाठवायचा. साधारण सहा ते आठ आठवड्यांत नवा व्हिसा लागलेला पासपोर्ट घरपोच मिळत असे. त्यासाठी मायदेशाचे तिकीट काढावे लागत नसे. एकूण जागा २०,०००. त्यातल्या निम्म्या भारतातून व्हिसा मिळालेल्यांसाठी, निम्म्या कॅनडातून मिळालेल्यांसाठी. जून २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी वॉशिंग्टनला आले तेव्हा या योजनेची घोषणा झाली होती. प्रयोग यशस्वी झाल्याचे आपल्याच खात्याने सांगितले. पुढे मात्र त्याची कायमची योजना झाली नाही. ती व्हावी, हे मागण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अर्ज भारतात जन्मलेल्यांचे असतात. त्यांत मराठी घरांतली मुलेमुली पुष्कळ आहेत, आणि त्यांचे आईवडील इथे पुण्यात, नाशकात, सांगलीत आहेत. या घरांना ‘स्टॅम्पिंग’, म्हणजे मायदेशी येऊन पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घेणे, चांगलेच ठाऊक आहे. त्यामागचा नियम मात्र अनेकांना ठाऊक नसतो. पासपोर्टवरचा व्हिसा हा अमेरिकेच्या दारात उभे राहण्याचा परवाना. आत किती दिवस राहायचे आणि काम करायचे, हे गृहसुरक्षा खात्याच्या मंजुरीवर ठरते. ती मंजुरी अमेरिकेत बसूनच वाढवून मिळते. म्हणजे व्हिसाची मुदत संपली तरी माणूस तिथे पूर्णपणे कायदेशीरपणे राहतो, पगार घेतो, कर भरतो. फक्त देशाबाहेर पडला की नवा व्हिसा घेतल्याशिवाय परतता येत नाही. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीपुरती तेवढी सवलत आहे. ग्रीन कार्डाच्या वाटपात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे, आणि २००० सालच्या कायद्याने या रांगेतल्यांना सहा वर्षांची कमाल मुदत संपल्यावरही एच-१बीवर राहण्याची मुभा दिली. ज्या व्हिसाला तात्पुरता म्हणतात, त्याच्यावर माणसांची दहा-पंधरा वर्षे जातात आणि स्टॅम्पिंगचा प्रश्न दर तीन वर्षांनी नव्याने उभा राहतो.

टपालाने नूतनीकरण ही नवी सवलतही नाही. २००४ पर्यंत एच, एल, ओ अशा वर्गांतले व्हिसाधारक आपले पासपोर्ट मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसच्या पत्त्यावर पाठवत आणि नवा व्हिसा मिळवत. ही सोय १६ जुलै २००४ पासून बंद झाली, ती कोणी गैरवापर केला म्हणून नव्हे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर झालेल्या कायद्यानुसार २६ ऑक्टोबर २००४ पासूनच्या प्रत्येक व्हिसामागे बोटांचे ठसे असणे बंधनकारक झाले, आणि टपालाने येणाऱ्या अर्जदाराचे ठसे घेण्याची व्यवस्था खात्याकडे नव्हती. ते कारण त्या काळी खरे होते. आज एच-१बीवर असलेल्या माणसाचे दहाही बोटांचे ठसे पहिल्या व्हिसाच्या वेळीच घेऊन साठवलेले असतात. २०२४ च्या प्रयोगात नेमके हेच गृहीत धरले होते: ज्यांचे ठसे आधीच नोंदलेले आहेत त्यांनाच अर्ज करता येत होता. जी अडचण दाखवून दार बंद झाले ती अडचण राहिलेली नाही. शिवाय परदेशी राजनैतिक अधिकारी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांचे कर्मचारी यांच्या व्हिसांचे नूतनीकरण अमेरिकेतच होते. देशात राहून व्हिसा देता येत नाही, असे कोणतेही तत्त्व इथे आड येत नाही.

सुरक्षेचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. सप्टेंबर २०२५ पासून आपल्या खात्याने मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेकांसाठी काढून घेतली. एच-१बीवाल्यांचा ‘ड्रॉपबॉक्स’, म्हणजे मुलाखतीशिवाय कागदपत्रे देऊन नूतनीकरणाची सोय, तीही गेली. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमे तपासली जाऊ लागली, आणि भारतातल्या मुलाखती एकाएकी मार्च २०२६ वर किंवा त्याच्याही पुढे ढकलल्या गेल्या. स्टॅम्पिंगसाठी आलेली माणसे इथे अडकली. त्यांच्या नोकऱ्या, भाड्याची घरे, मुलांच्या शाळा तिकडे. तपासणी करूच नका, असे मी म्हणत नाही. आपल्या देशात कोणाला येऊ द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. पण समाजमाध्यमांची तपासणी संगणकावर होते. अर्जदार मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत आहे की न्यू जर्सीत, याने तिच्यात काय फरक पडतो? समोरासमोर मुलाखत हवीच असेल, तर खात्याची पासपोर्ट कार्यालये अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत आहेत, आणि ठशांसाठी गृहसुरक्षा खात्याची केंद्रे आहेतच. उलट आजच्या पद्धतीत सुरक्षेचीच एक बाजू उघडी राहते. तीन वर्षांत एकदाही बाहेर न पडलेल्या माणसाची आपले खाते व्हिसा अर्जाच्या वेळची ही तपासणी करत नाही; आजारी आईला भेटायला गेलेल्याची करते. जो माणूस आधीच आत आहे त्याची पारख करायची, तर तो आत असतानाच ती करणे अधिक सुरक्षित नाही का?

त्याच सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या खात्याने दुसरी सूचना काढली: व्हिसासाठी अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशात करावा. पूर्वी काही जण तिसऱ्या देशात जाऊन अर्ज करत. ती वाट अरुंद झाली. नियम वाजवी आहे. पण एच-१बीवाल्यांचे वास्तव्य अमेरिकेत आहे, आणि तिथेच अर्जाची सोय नाही. त्यांच्यापुरता नियमाचा अर्धा भाग कागदावरच राहतो.

पासपोर्ट टपालात गहाळ होईल ही भीती मला फार मोठी वाटत नाही. अमेरिकी नागरिक स्वतःच्या पासपोर्टांचे नूतनीकरण कित्येक वर्षे टपालाने करत आले आहेत, आणि अमेरिकेतले भारतीय आपले भारतीय पासपोर्टही नूतनीकरणासाठी टपालाने पाठवतात. खरी उणीव वेगळी आहे: पासपोर्ट खात्याकडे असताना माणसाला तातडीने प्रवास करता येत नाही. म्हणून मुदत पाळण्याचे बंधन हवे आणि संकटप्रसंगी पासपोर्ट लगेच परत मिळण्याची तरतूद हवी. राहिला अमेरिकी नोकऱ्यांचा प्रश्न. वर्षाला ८५,००० ही नव्या व्हिसांची मर्यादा कमी करावी की वाढवावी, हा आपल्या संसदेचा विषय. नूतनीकरणाने त्या संख्येत एकाचीही भर पडत नाही. ती नोकरी आधीच मंजूर झालेली असते.

आमच्याकडेही एक आक्षेप ऐकू येतो: परदेशात राहायचे स्वतःच ठरवले, चांगला पगार मिळतो, मग एवढा त्रास सोसायला हवा. ज्या त्रासातून काही निष्पन्न होते तो सोसावाच. पण स्टॅम्पिंगच्या या फेरीतून ना अमेरिकेला नवी माहिती मिळते, ना भारताला काही लाभ होतो. आणि त्रास सोसतो तो केवळ पगारदार नव्हे. परत जाता येईल की नाही या धास्तीने अंत्यविधीला न आलेला मुलगा आणि त्याची वाट पाहणारी आई, या दोघांनाही तो सोसावा लागतो.

तेव्हा विनंती अशी. २०२४ चा प्रयोग कायमचा करा. तो भारत आणि कॅनडातून विशिष्ट काळात व्हिसा मिळालेल्यांपुरता ठेवू नका. त्या वेळी वगळलेल्या एच-४ कुटुंबीयांना त्यात घ्या, कारण नवऱ्याचा पासपोर्ट टपालाने गेला आणि बायको-मुलांना विमानाने यावे लागले तर मूळ हेतूच फसतो. मुलाखत आणि तपासणी हवी तितकी कडक ठेवा, पण ती अमेरिकेतच करा. हे आपल्या खात्याने एकदा करून दाखवले आहे. पुन्हा सुरू करण्याचा आदेश आपण द्यावा.