कोडला जात नसेल, फुरसतीला आहे

‘कोडला जात नसते’ हे वाक्य आयटीतले सवर्ण मित्र मला वारंवार ऐकवतात. कोडला नसेलही. पण तो लिहायला मोकळा वेळ लागतो, बरा लॅपटॉप लागतो आणि चुकलं तर न हसता समजावणारं माणूस लागतं. या तिन्ही गोष्टी आपल्या देशात जात पाहूनच वाटल्या गेल्या आहेत.

ओपन सोर्सशी माझं भांडण नाही. माझी पीएचडीच त्यावर उभी आहे. आकडेमोड ‘आर’मध्ये, संदर्भ झोटेरोत, लिखाण लिब्रेऑफिसमध्ये. परवान्याचे पैसे भरावे लागले असते, तर फेलोशिप त्यातच संपली असती. भांडण आहे ते या फुकट कामाला गुणवत्तेचा दाखला मानण्याशी. मुलाखतीत गिटहबचं प्रोफाइल पाहिलं जातं. ते भरलेलं कुणाचं असतं? ज्याची सुट्टी बापाच्या पगारावर निघते त्याचं. जी मुलं सुट्टीत केटरिंगला जातात, शेतात राबतात, त्यांचं प्रोफाइल कोरंच राहतं.

फुकट राबणं आपल्याला नवीन नाही. महार वतनाच्या नावाखाली गावाने आपल्या पूर्वजांना राबवलं. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. आपल्या घरातलं फुकट काम वेठ ठरलं, त्यांच्या घरातलं ‘योगदान’ ठरतं. हा फरक कोडचा नाही, पोटाचा आहे.

नव्यांसाठी वाट सोपी करायची म्हणून सोप्या कामांवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ची चिठ्ठी लावतात, सूचना नीट लिहितात, ब्राउझरमध्येच कोड चालवायची सोय देतात. हे हवंच. पण यातून तांत्रिक पायरी उतरते, सामाजिक पायरी तशीच राहते.

वागणुकीचे नियमच पाहा. अनेक प्रकल्पांनी स्वीकारलेला ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट’ २०१४ चा. लिनक्स कर्नलने तो २०१८ मध्ये घेतला, तेव्हा त्यात वंश होता, धर्म होता, जात नव्हती. तो शब्द यायला २०२१ ची २.१ आवृत्ती उजाडली. शब्द आला म्हणून छळ थांबत नाही, हे आपल्याला अॅट्रॉसिटी कायद्याने शिकवलंय. पण नियमात शब्दच नसेल, तर तक्रार लिहायची कशी?

आणि पैसा. ‘आउटरीची’ आणि ‘गुगल समर ऑफ कोड’ नवख्यांना मानधन देतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये उतरवतात. काम तपासलं जातं, मानधन आणि प्रमाणपत्र मिळतं. काम आखीव, तपासणारा ठरलेला, मोबदला ठरलेला. ओळखपाळख लागत नाही. वाट सोपी करणं म्हणजे हे.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी ओपन सोर्सचं धोरण आणलं. वापरायचं धोरण आहे, तर घडवणाऱ्यांच्या मजुरीचंही हवं. जिल्ह्याच्या कॉलेजात शिकणाऱ्यांना असं मानधन मिळावं, मराठीसह आपापल्या भाषेत मार्गदर्शन मिळावं आणि प्रत्येक भारतीय प्रकल्पाच्या नियमांत ‘जात’ हा शब्द असावा.

तोवर कोरं प्रोफाइल पाहून कुणी तुमची लायकी काढली, तर मान खाली घालू नका. त्यालाच विचारा, तू फुकट काम करत होतास तेव्हा तुझ्या घरी चूल कुणाच्या कमाईवर पेटत होती?