पंचतारांकित आशावाद

एडिसनला राहायला आल्यापासून मला एक रोग जडलाय : रटगर्सचं कॉलेज बास्केटबॉल. पिस्कॅटवेचं स्टेडियम घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर, त्यामुळे पथ्य पाळणं कठीणच! पण आजची तक्रार संघाबद्दल नाही, आम्हा चाहत्यांबद्दल आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी : इथे शाळेत खेळणाऱ्या पोरांना हॉटेलांसारखे स्टार देतात. पाच स्टारवाला पोरगा आपल्या कॉलेजात येतोय असं कळलं की चाहत्यांची दिवाळी. पोरगा अजून बारावीत, आणि इकडे मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचे बेत सुरू. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

२०२४ मध्ये आमच्याकडे असे दोन आले. डिलन हार्पर आणि एस बेली. देशातल्या पहिल्या तिघांतले दोघं! रटगर्स १९७६ नंतर एकदाही फायनल फोरमध्ये पोचलेलं नाही. आता तो शाप संपणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती, खोटं कशाला बोलू?

झालं काय? नोव्हेंबरात केनेसॉ स्टेटसारख्या संघाकडून हरलो. डिसेंबरात प्रिन्स्टनकडून एका गुणाने. जानेवारीत इंडियानाविरुद्ध बेलीने एकट्याने ३९ गुण काढले, तरी हरलो. सीझनचा हिशोब : १५ विजय, १७ पराभव. राष्ट्रीय स्पर्धा टीव्हीवर बघितली.

मग त्याच तोंडांनी शिव्या. "स्वार्थी आहेत", "एक वर्षाचे पाहुणे". अहो, शाळा संपल्यावर एक वर्ष गेल्याशिवाय एनबीएत घेतच नाहीत, हा नियम काय त्या पोरांनी केला? एका सामन्यात मीसुद्धा बेलीवर घसा फोडून ओरडलो. त्याच आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, एम-वन राहिला. मी म्हणालो, "होतं रे, पहिलंच वर्ष आहे." फोन ठेवल्यावर ट्यूब पेटली. दोघंही अठरा वर्षांचे!

आपल्या धंद्यात असा मॅनेजर प्रत्येकाने पाहिलाय. प्रोजेक्ट गळ्यापर्यंत बुडालेला, आणि हा म्हणतो, "कॅम्पसमधून टॉपर घेतलाय, आता काळजी नको." त्याला आपण कॅन्टीनमध्ये हसतो. मग शनिवारी स्टेडियममध्ये आपण वेगळं काय करतो? त्या वर्षी चार सीझन खेळलेला आमचा सेंटर ओमोरुयी अलाबामाला निघून गेला होता. ज्या बचावासाठी संघ ओळखला जायचा, तोच गळत होता. पण ते मोजायला वेळ कुणाला होता? आम्ही स्टार मोजत होतो.

आणि हे फक्त आमचंच नाही. २०१६ मध्ये बेन सिमन्स असूनही एलएसयू राष्ट्रीय स्पर्धेत पोचलं नाही. २०१७ मध्ये मार्केल फुल्ट्झ असताना वॉशिंग्टन ९-२२. दोघंही त्या-त्या वर्षी एनबीए ड्राफ्टमध्ये पहिले! आमचे दोघं २०२५ मध्ये दुसरा आणि पाचवा. म्हणजे पोरं खोटी नव्हती, आमचं गणित खोटं होतं.

कुणी म्हणेल, २००३ मध्ये कार्मेलो अँथनीने सिरॅक्यूजला जिंकून दिलं, २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसने केंटकीला. दिलं ना! पण डेव्हिसच्या आजूबाजूला कोण होते ते बघा, पुढे एनबीएत गेलेल्यांची रांगच होती. आणि २०२५ चं विजेतं फ्लोरिडा? त्यांचा हीरो वॉल्टर क्लेटन शेवटच्या वर्षाला होता, आयोनासारख्या छोट्या कॉलेजातून आलेला.

"आशा ठेवायची नाही तर चाहता कशाला व्हायचं?" ठेवा की! पण संघाकडून ठेवा, प्रशिक्षकाकडून ठेवा. एका पोराला देव्हाऱ्यात बसवून नवस बोलायचा आणि पावला नाही की त्यालाच दगड मारायचे, याला आशा म्हणत नाहीत. ही आपली जबाबदारी दुसऱ्याच्या मानेवर टाकणं झालं.

असो. पुढचा पंचतारांकित आला की मी टाळ्या वाजवीन. ओरडणार मात्र नाही.

ता. क. भाच्याचा एम-वन दुसऱ्या फटक्यात सुटला बरं का :)